रक्ताच्या अहवालातील आकडे आणि रुग्णाची अवस्था

ताप-खोकल्याच्या रुग्णाचा मुलगा किंवा जावई चिकित्सालयात येतो. रुग्ण घरी अंथरुणावर असतो, किंवा फार तर बाहेर रिक्षात बसलेला असतो. टेबलावर पॅथॉलॉजी लॅबोरेटरीची फाईल ठेवली जाते. त्यातील तीन-चार आकडे ठळक छापलेले असतात आणि प्रश्न ठरलेला असतो, "डॉक्टर, सी.आर.पी. बेचाळीस आलाय, आता काय करायचं?" हे दृश्य कोणत्याही वैद्याला अपरिचित नाही. २०२० पूर्वी सी.आर.पी., डी-डायमर, फेरिटिन, एल.डी.एच. ही नावे रुग्णालयाच्या भिंतींच्या आतच राहत असत. कोविडच्या साथीने ती घरोघरी पोहोचविली. साथ ओसरली, जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, परंतु तपासण्यांची सवय मात्र मागे राहिली. आज साध्या फ्लूच्या रुग्णाकडेही ही फाईल असते.

या फाईलकडे कसे पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमचे म्हणणे आरंभीच सांगतो. विषाणुजन्य श्वसनरोगातील हे रक्तघटक रोगाचे निदान करीत नाहीत. ते साध्यासाध्यतेविषयी अंदाज देतात. आणि हा अंदाज ज्या रुग्णांच्या अभ्यासातून बांधला गेला, ते सर्व रुग्णालयात दाखल झालेले होते. दाखल रुग्णासाठी घडविलेले हे माप घरच्या रुग्णाला जसेच्या तसे लावले, तर दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. बऱ्या होणाऱ्या रुग्णाला अकारण तीव्र औषधे मिळतात, आणि बिघडणाऱ्या रुग्णाला खोटा दिलासा मिळतो. हे दोन्ही अनर्थ आपण सर्वांनी जवळून पाहिले आहेत.

हे आकडे कोठून आले?

२००९ मध्ये मेक्सिकोत एच१एन१ इन्फ्लुएन्झाची साथ उद्भवली, तेव्हा मेक्सिको सिटीतील राष्ट्रीय श्वसनरोग संस्थेत न्यूमोनिया झालेल्या १८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या अठराही रुग्णांत एल.डी.एच. वाढलेले होते, ६२ टक्के रुग्णांत क्रिएटिन कायनेज वाढलेले होते व ६१ टक्के रुग्णांत लिम्फोसाइट पेशी घटलेल्या होत्या. त्यांपैकी १२ जणांना कृत्रिम श्वासयंत्र लागले आणि ७ दगावले. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी या रोगाने भारतातील पहिला मृत्यू पुण्यात झाला, हे वाचकांच्या स्मरणात असेलच.

पुढे २०२० च्या जानेवारीत चीनमधील वुहानच्या पहिल्या ४१ रुग्णांचे वर्णन 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यांतील ६३ टक्के रुग्णांत लिम्फोसाइट कमी होते. मार्चमध्ये वुहानमधील दोन रुग्णालयांतील १९१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी १३७ बरे होऊन घरी गेले व ५४ मृत्यू पावले. वाढते वय आणि दाखल होताना डी-डायमर १ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. पेक्षा अधिक असणे, या गोष्टींचा मृत्यूशी निकटचा संबंध दिसून आला. डी-डायमरची जगभर ख्याती झाली ती प्रामुख्याने येथून.

या अभ्यासांचे मोल मोठे आहे. परंतु त्यांतील रुग्ण कोण होते, इकडे लक्ष द्यावे. वुहानच्या त्या १९१ जणांपैकी चारांतील एकाहून अधिक दगावले. म्हणजे हा समूह मुळातच कष्टसाध्य व असाध्य अवस्थेकडे झुकलेला होता. घरी बसून काढा घेणाऱ्या रुग्णांचा समूह असा नसतो.

समूह बदलला की आकड्याचा अर्थ बदलतो

हा मुद्दा गणिताने स्पष्ट होतो. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. अशी कल्पना करू की, एक रक्ततपासणी बिघडणाऱ्या १०० रुग्णांपैकी ८० जणांत वाढलेली आढळते, आणि न बिघडणाऱ्या १०० पैकी २० जणांतही वाढलेली आढळते. तपासणी बरीच चांगली म्हणावी अशी आहे.

आता रुग्णालयातील १००० रुग्ण घेऊ, ज्यांपैकी २५० बिघडणार आहेत. त्या २५० पैकी २०० जणांत आकडा वाढलेला दिसेल. उरलेल्या ७५० पैकी १५० जणांतही तो दिसेल. म्हणजे वाढलेला आकडा असलेल्या ३५० पैकी २०० खरोखर बिघडतील, निम्म्याहून अधिक. येथे आकडा वैद्याला सावध करतो आणि ते योग्यच आहे.

आता घरी असलेले १००० सौम्य रुग्ण घेऊ, ज्यांपैकी केवळ २० बिघडणार आहेत. त्या वीसांपैकी १६ जणांत आकडा वाढेल. उरलेल्या ९८० पैकी १९६ जणांत वाढेल. वाढलेला आकडा घेऊन २१२ जण आपल्या दारात येतील आणि त्यांतील केवळ १६ बिघडतील, म्हणजे सुमारे तेरांत एक. उरलेले बारा जण विनाकारण भयभीत होतील व बहुधा विनाकारण औषधेही घेतील. शिवाय बिघडणाऱ्या वीसांपैकी ४ जणांचा अहवाल निर्दोष येईल आणि 'रिपोर्ट नॉर्मल आहे' या समाधानात त्यांचे मोलाचे दोन दिवस निघून जातील. तपासणी तीच, लॅबोरेटरी तीच, यंत्र तेच. केवळ रुग्णसमूह बदलला.

प्रत्येक घटक काय सांगतो?

सी.आर.पी. : १९३० मध्ये अमेरिकेतील रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात हे प्रथिन आढळले. न्यूमोकॉकस जंतूच्या 'सी' नामक घटकाशी ते संयोग पावते म्हणून त्यास हे नाव मिळाले. इंटरल्युकिन-६ या संदेशवाहकाच्या प्रेरणेने यकृत ते तयार करते. शोथ सुरू झाल्यावर काही तासांत ते वाढू लागते, साधारण दोन दिवसांत शिखर गाठते, आणि प्रेरणा थांबली की सुमारे १९ तासांत निम्मे होते. म्हणून ते शोथाचा चढ-उतार चांगला दाखविते. परंतु शोथ फुप्फुसात आहे की दाढेच्या मुळाशी, हे ते सांगत नाही.

लिम्फोसाइट : विषाणुजन्य रोगात या पेशी घटणे ही जुनी व विश्वसनीय खूण आहे आणि साध्या सी.बी.सी.मध्ये ती मिळते. येथे टक्केवारीवर विसंबू नये. एकूण श्वेतपेशी ४,००० आणि लिम्फोसाइट २० टक्के असतील, तर प्रत्यक्ष संख्या ८०० होते, ती निश्चित कमी आहे. एकूण श्वेतपेशी १०,००० आणि टक्केवारी तीच २० असेल, तर संख्या २,००० होते, ती प्राकृत आहे. अहवालात संख्या छापलेली नसेल, तर हा गुणाकार वैद्याने स्वतः करावा.

डी-डायमर : रक्तातील गुठळीचे तंतू विरघळताना निर्माण होणारा हा अंश होय. गर्भावस्था, शस्त्रकर्म, आघात, अर्बुद आणि केवळ वाढते वय यांतही तो वाढतो. तो प्राकृत असणे हे शिरांत गुठळी नसल्याचे बऱ्यापैकी आश्वासन असते. तो वाढलेला असणे हे गुठळी असल्याचे प्रमाण मात्र नव्हे.

फेरिटिन : एरवी हे शरीरातील लोहाच्या साठ्याचे मोजमाप, परंतु शोथातही ते वाढते. पांडुरोगाच्या चिकित्सेत मंडूर वा लोहकल्प योजणाऱ्या वैद्यांनी हे विशेष ध्यानी ठेवावे. तीव्र ज्वरात फेरिटिन प्राकृत दिसले, तरी लोहक्षय नाही असे म्हणता येत नाही. पांडूच्या निर्णयासाठी ज्वर ओसरून काही आठवडे जाऊ द्यावेत.

एल.डी.एच. : हे पेशींमधील विकर आहे, पेशी नष्ट झाल्या की रक्तात उतरते. रक्त ओढताना जोर झाला, नळी हिंदकळली वा नमुना उशिरा पोहोचला, तर नळीतच रक्तपेशी फुटतात आणि हा आकडा खोटाच वाढतो. खेड्यातून तालुक्याच्या लॅबोरेटरीत पाठविलेल्या नमुन्याबाबत ही शंका प्रथम घ्यावी.

प्रोकॅल्सिटोनिन : शुद्ध विषाणुजन्य रोगात हे बहुधा कमीच राहते आणि जंतुसंसर्गात वाढते. प्रतिजैविक द्यावे की न द्यावे या विचारात त्याचे साहाय्य होते, पण केवळ त्याच्यावर निर्णय सोपवू नये.

एककांचे सापळे

सी.आर.पी. काही ठिकाणी मि.ग्रॅ. प्रति लिटर तर काही ठिकाणी मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटर या एककात छापतात. दोहोंत दहापटींचा फरक आहे. एका अहवालातील ४.२ आणि दुसऱ्यातील ४२ एकच असू शकतात. एकक न पाहता 'सी.आर.पी. दहापट वाढला' असा घोर निष्कर्ष निघू शकतो. 'हाय सेन्सिटिव्हिटी सी.आर.पी.' या नावाची तपासणी हृद्रोगाच्या दूरच्या जोखमीसाठी असते. तिचे निकष ज्वरात लावू नयेत.

डी-डायमर नॅनोग्रॅममध्ये ५०० आणि मायक्रोग्रॅममध्ये ०.५ असे लिहिले जाते, हे एकच. त्याशिवाय एफ.ई.यू. आणि डी.डी.यू. अशी दोन निरनिराळी मापे प्रचारात आहेत आणि पहिल्यातील आकडा दुसऱ्याच्या साधारण दुप्पट येतो. म्हणून दोन लॅबोरेटऱ्यांचे डी-डायमर एकमेकांशेजारी ठेवून 'वाढला' वा 'उतरला' असे म्हणणे धाडसाचे आहे. हीच गत युरियाची. 'ब्लड युरिया' आणि 'बी.यू.एन.' या दोहोंत दुपटीहून किंचित अधिक अंतर आहे. पुन्हा तपासणी करावयाची तर ती त्याच लॅबोरेटरीत करावी, हा साधा नियम पुष्कळ गोंधळ टाळतो.

व्याधीचा दिवस कोणता?

वाग्भटाचार्यांनी औषधयोजनेत काळ दोन प्रकारचा मानला आहे: एक क्षणादि आणि दुसरा व्याधीच्या अवस्थेचा. रक्ताचा अहवाल वाचताना हा दुसरा काळ प्रथम विचारावा. वुहानच्या रुग्णांत श्वासकष्ट लक्षणारंभापासून साधारण सातव्या दिवशी सुरू झालेला आढळला. म्हणजे दुसऱ्या दिवसाचा निर्दोष अहवाल नवव्या दिवसाची हमी देऊ शकत नाही. आपल्या शास्त्रातही तरुण ज्वर व निराम ज्वर असा भेद करताना सात-आठ दिवसांची मर्यादा सांगितली आहे. हे दोन्ही एकच, असा आमचा दावा नाही. रोगाच्या दिवसांचा हिशेब ठेवल्यावाचून त्याची अवस्था कळत नाही, एवढी गोष्ट उभयपक्षी समान आहे.

म्हणून एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांतील दिशा अधिक बोलते. सी.आर.पी. ६० वरून ३० वर आला आणि रुग्णाला भूक लागली, ही सुवार्ता आहे. तो २० वरून ६० वर गेला आणि रुग्ण जिना चढताना थांबू लागला, तर त्याच दिवशी रुग्णालयाचा मार्ग धरावा. येथेही एक सावधगिरी हवी. स्टेरॉइड सुरू असेल तर न्यूट्रोफिल वाढतात व लिम्फोसाइट घटतात. मग या दोहोंच्या गुणोत्तराचा अर्थ लावता येत नाही. टोसिलिझुमॅब दिले असेल तर इंटरल्युकिन-६ चा मार्गच रोखला जातो आणि सी.आर.पी. झपाट्याने उतरतो, रुग्ण सुधारलेला असेलच असे नाही. अहवाल हाती घेण्यापूर्वी 'कोणती औषधे चालू आहेत?' हा प्रश्न म्हणूनच अटळ आहे.

एकवीस गुणांचा धडा

या विषयातील सर्वांत बोधप्रद काम ब्रिटनमध्ये झाले. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथील रुग्णालयांत दाखल झालेल्या हजारो कोविड रुग्णांच्या नोंदींवरून 'फोर-सी' नावाचे मृत्युसंभव सांगणारे कोष्टक सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ते ३५,४६३ रुग्णांवरून रचले गेले व आणखी २२,३६१ रुग्णांवर पडताळले गेले. त्यात घटक केवळ आठ आहेत: वय, लिंग, सहव्याधींची संख्या, श्वासगती, प्राणवायूची पातळी, संज्ञेची अवस्था, युरिया आणि सी.आर.पी. ज्यांचे गुण ३ वा त्याहून कमी, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे १ टक्का होते. ज्यांचे १५ वा अधिक, त्यांच्यात सुमारे ६२ टक्के.

या कोष्टकातील एकूण गुण २१. त्यांपैकी एकट्या वयाला जास्तीत जास्त ७ गुण आहेत. रक्ततपासण्या दोनच, आणि दोन्ही मिळून ५ गुण: युरियाला ३, सी.आर.पी.ला २. डी-डायमर, फेरिटिन, एल.डी.एच. यांतील एकही या यादीत नाही. उरलेले १६ गुण रुग्णाकडे पाहून, त्याला विचारून, त्याचा श्वास मोजून आणि बोटाला छोटे यंत्र लावून मिळतात. दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा ज्यांच्या अध्ययनाचा पहिला पाठ आहे, त्या वैद्यांना याहून अधिक काय सांगावे? रुग्णाला न पाहता केवळ फाईल पाहणारा वैद्य २१ पैकी १६ गुणांचे ज्ञान सोडून देतो.

चुकीचे मोल

आता अनर्थाकडे वळू. ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत २०२० मध्ये डेक्सामेथासोन ६ मि.ग्रॅ. रोज, अधिकाधिक दहा दिवस, असे २,१०४ रुग्णांना देऊन ४,३२१ रुग्णांशी तुलना करण्यात आली. श्वासयंत्रावरील रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. केवळ प्राणवायू लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३ वर आले. परंतु ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांच्यात लाभ दिसला नाही. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत १७.८ तर न घेणाऱ्यांत १४.० टक्के होते. हा शेवटचा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निश्चित मानता येत नाही. पण लाभ नाही, हे स्पष्ट आहे. आणि हे सर्व रुग्ण दाखल झालेले होते, हे विसरू नये. स्टेरॉइड द्यावे की नाही, हे येथे प्राणवायूच्या गरजेने ठरले.

टोसिलिझुमॅबच्या चाचणीतही हाच विवेक दिसतो. सी.आर.पी. ७५ मि.ग्रॅ. प्रति लिटर वा अधिक, ही अट होती. परंतु तिच्या जोडीला प्राणवायूची पातळी खालावलेली असणे, ही दुसरी अट अनिवार्य होती. ४,११६ रुग्णांच्या या चाचणीत मृत्यूचे प्रमाण ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. रक्तघटकाचा योग्य उपयोग तो हा, रुग्णाच्या अवस्थेशी जोडून केलेला.

आपल्याकडे २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काय झाले? प्राणवायूची पातळी ९७ असलेल्या, घरीच असलेल्या रुग्णांना केवळ सी.आर.पी. वाढला म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशीच स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य रुग्णांत या रक्ततपासण्या व स्टेरॉइड यांची गरज नाही, असा जाहीर इशारा दिला. त्याच महिन्यात केंद्र सरकारने म्युकरमायकोसिस हा नोंद बंधनकारक असलेला रोग घोषित करण्यास राज्यांना सांगितले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा वापर ही या भयंकर बुरशीजन्य रोगाची दोन प्रमुख कारणे होत. ज्यांचे डोळे वा जबडे त्या रोगाने गेले, त्यांतील काहींच्या दुर्दैवाचा आरंभ एका ठळक छापलेल्या आकड्यापासून झाला असणार, हा विचार आम्हांस अस्वस्थ करतो.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांचेही असेच झाले. अमेरिकेत घरी राहणाऱ्या कोविड रुग्णांवर ॲस्पिरिन व अपिक्साबान यांची चाचणी झाली. गुठळीजन्य घटना इतक्या विरळ आढळल्या की ६५७ रुग्णांनंतर ती थांबविण्यात आली. लाभ दिसला नाही. वॉर्डातील डी-डायमरचा धाक घराच्या उंबरठ्याबाहेरच राहावयास हवा होता.

आपल्या शास्त्राशी सांगड कशी घालावी?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील महाचतुष्पाद अध्यायात साध्यासाध्य विचारावर भर दिला आहे आणि इंद्रियस्थानाचे बारा अध्याय अरिष्टविज्ञानासाठी वाहिले आहेत. चिकित्सा आरंभण्यापूर्वी हा रुग्ण आपल्या हाती राखण्याजोगा आहे की नाही, हे ओळखणे हा वैद्याचा धर्म होय. रक्तघटकांना याच दालनात स्थान द्यावे, असे आम्ही सुचवितो.

'सी.आर.पी. म्हणजेच आम', 'फेरिटिन म्हणजे रक्तदुष्टी' अशी समीकरणे अलीकडे व्याख्यानांतून ऐकू येतात. ती आकर्षक आहेत, परंतु त्यांना आधार नाही. आमाची लक्षणे जिव्हा, मल, अग्नी व गौरव यांवरून पाहावयाची आहेत. यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनाला ते नाव दिल्याने आमाचेही ज्ञान वाढत नाही आणि प्रथिनाचेही नाही. तसेच आपल्या कल्पाने सी.आर.पी. उतरला, असे एका रुग्णावरून म्हणू नये. सौम्य रोगात तो आपोआपही उतरतो. केंद्रीय आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसृत केलेली आयुर्वेद व योगाची कार्यपद्धतीही लक्षणरहित व सौम्य रुग्णांपुरती होती, हे या संदर्भात ध्यानी घ्यावे.

फार्मसीचालकांस विनंती

फार्मसीच्या फळीवर उभा असलेला माणूस अनेकदा वैद्याच्या आधी अहवाल पाहतो. त्याने आकडा पाहून औषध देऊ नये. स्टेरॉइड, प्रतिजैविके व रक्त पातळ करणारी औषधे चिठ्ठीवाचून देणे हा कायद्याचा भंग तर आहेच, परंतु वर सांगितलेल्या अनर्थात भागीदार होणेही आहे. आपल्या कल्पांच्या वेष्टनावर वा जाहिरातीत रक्तघटक उतरविण्याचे दावे करू नयेत.

वनस्पतीच्या ओळखीविषयीही दक्षता हवी. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षास आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या अन्य जातीच्या भेसळीची शक्यता दर्शविली. वाद कोठेही जावो. आपल्या गोदामात येणारी गुळवेल खरी गुळवेलच आहे, याची खात्री करणे आपल्या हाती आहे. आणि श्वसनाच्या विषाणुरोगात यकृताची विकरे रोगामुळेही वाढतात. म्हणून असा रुग्ण आला, तर चालू असलेल्या सर्व औषधांची, आपल्याही, प्रांजळ नोंद वैद्याने ठेवावी.

फाईल समोर आल्यावर

आम्ही पुढील क्रम पाळतो आणि वाचकांसही सुचवितो. प्रथम रुग्णाला आत बोलवावे. तो येऊ शकत नसेल, तर न येऊ शकण्याचे कारण हीच पहिली नोंद. लक्षणारंभाचा दिवस विचारावा. श्वास पूर्ण मिनिटभर मोजावा. गती २४ वा त्याहून अधिक असेल, तर ते पुरेसे गंभीर आहे. प्राणवायूची पातळी बसून आणि सहा मिनिटे चालवून पाहावी. बोट गार वा नख रंगविलेले नसावे. बसूनच ती ९४ च्या खाली असेल, तर चालवू नये. चालल्यानंतर ती ९४ च्या खाली गेली वा तीन अंकांनी उतरली, तर घरी थांबवू नये. वय, मधुमेह, वृक्कविकार, गर्भावस्था विचारावी. बोलण्यात असंबद्धता, ओठांचा निळेपणा, मूत्राचे अल्पत्व पाहावे. मग फाईल उघडावी. एकक, दिनांक, लॅबोरेटरी व चालू औषधे पाहून आकड्याचा अर्थ लावावा.

रुग्ण वाईट आणि अहवाल चांगला, असा विरोध दिसला तर रुग्णावर विश्वास ठेवावा व त्यास पाठवावे. रुग्ण चांगला आणि अहवाल वाईट, असा विरोध दिसला तर घाबरवू नये, औषध वाढवू नये. दुसऱ्या दिवशी रुग्णाला पुन्हा पाहावे. आणि पाठविताना चिठ्ठीत रोगाचा दिवस, श्वासगती, प्राणवायू व दिलेली औषधे एवढे चार शब्द लिहावेत. रुग्णालयातील वैद्यकाला ते कोणत्याही ठळक आकड्याहून अधिक उपयोगी पडतात.

तो मुलगा अजून टेबलासमोर उभा आहे. त्याच्या बेचाळीसच्या प्रश्नाला आमचे उत्तर एवढेच असते, "वडिलांना आत आणा. आधी त्यांना पाहू."